दोन्हीकडचा पाहुणा

वाघमोडे सरांच्या तासाला मी पहिल्यांदा बसले, तेव्हा मला वाटलं, आपण चुकून वधूवर मेळाव्यात शिरलोय. ज्युनिअर कॉलेजात मी नुकतीच केमिस्ट्री शिकवायला लागले होते. प्राचार्यांनी सांगितलं होतं की पहिले आठ दिवस वाघमोडे सरांच्या वर्गात मागच्या बाकावर बसा आणि पद्धत बघा. फळ्यावर इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचं गणित होतं. सोडियम सल्फेटचं पाण्यातलं द्रावण, त्यात दोन इलेक्ट्रोड बुडवले, वीज सोडली. कॅथोडवर काय होईल, ॲनोडवर काय होईल, दोन्हीकडच्या अर्ध-अभिक्रिया लिहा. सरांनी खडू खिशात टाकला, हात झटकले आणि साठ पोरांना विचारलं, "मांडव कुणाचा हाय?"

साठ पोरं एका सुरात म्हणाली, "कुणाचाच नाय, सर."

"मंग पाणी कोण?"

"दोन्हीकडचा पाहुणा."

"हां. आता लिहा इत्मिनानानं." पोरांनी माना खाली घातल्या आणि लिहायला लागली. मी वाकून शेजारच्या मुलीची वही पाहिली. दोन्ही अर्ध-अभिक्रिया अचूक होत्या. मी एम.एस्सी.ला विद्यापीठात दुसरी आलेली बाई, पण कॅथोडची ती ओळ मला पुस्तक उघडल्याशिवाय आठवली नसती. अर्थात हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

ज्यांनी बारावीनंतर केमिस्ट्रीला रामराम ठोकला, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या धड्यातलं सगळ्यात लबाड पात्र म्हणजे पाणी. मीठ विरघळवायला म्हणून ते येतं आणि वीज सोडली की स्वतःच मधे पडतं. बरं, पुस्तकातल्या तक्त्यात त्याची एक ओळ असेल तर शपथ. चार ओळी. कुठं ते हायड्रोजन आयनाच्या रूपात, कुठं हायड्रॉक्साइडच्या, कुठं साधं पाणी म्हणून, आणि प्रत्येक ओळीपुढं आकडा वेगळा. पोरं काय करतात, की ज्या ओळीपुढं सोपा आकडा ती ओळ उचलतात. हायड्रोजन आयनापुढं तर शून्यच असतं, त्यामुळं त्याला फार मागणी. मग ज्या द्रावणात ॲसिडचा थेंब नाही, तिथंही हायड्रोजन आयन आणून बसवतात आणि दोन मार्क घालवतात. दर वर्षी, दर वर्गात, हीच चूक होते.

सरांचा तोडगा असा होता. अभिक्रियेच्या डाव्या बाजूला तेच लिहायचं, जे भांड्यात खरोखर बसलेलं आहे. म्हणून आधी मांडव कुणाचा ते बघायचं. ॲसिड असलं तर मांडव मुलाकडचा, तिथं हायड्रोजन आयन मिरवणार. अल्कली असली तर मांडव मुलीकडचा, तिथं हायड्रॉक्साइडचा मान. आणि द्रावण यातलं काहीच नसलं, तर पाणी म्हणजे दोन्हीकडचा पाहुणा. त्याला ना फेटा, ना मान. तो जसा आला तसाच, साधं पाणी म्हणून, दोन्हीकडं डावीकडं लिहायचा. "आन् ध्यानात ठेवा," सर म्हणायचे, "हा पाहुणा दोन्हीकडं जेवतो आन् जाताना एका खोलीत आंबट, दुसऱ्या खोलीत तुरट करून जातो." म्हणजे ॲनोडजवळ ॲसिड तयार होतं आणि कॅथोडजवळ अल्कली. इतक्या कमी शब्दांत हे मी अजून कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

सर कन्नडच्या घाटाखालच्या गावचे. वडिलांची मेंढरं होती, आणि नववीपर्यंत दिवाळीची सुट्टी सरांनी मेंढरांमागंच काढलेली. नाव वाघमोडे, पण चालणं-बोलणं असं मऊ की शिपायालासुद्धा "जरा फुरसत मिळाली तर" असं म्हणून काम सांगायचे. शर्टाच्या खिशाला कायम खडूचा पांढरा डाग. डब्यात बाजरीची भाकरी आणि ठेचा, आणि तो ठेचा स्टाफरूममध्ये जो खाईल त्याला ते आधी पाण्याचा तांब्या जवळ घ्यायला लावत. मी एकदा विचारलं की सर, लग्नाची उदाहरणं का, सायन्सला शोभत नाहीत. ते म्हणाले, "मॅडम, मेंढरं वळायला काठी पुरती. पोरं वळायला उदाहरण लागतं." वर म्हणाले की आपल्या पोरांनी व्होल्टमीटर पाहिलेला नसतो, पण लग्नं प्रत्येकानं पन्नास जेवलेली असतात.

एखाद्याचं उत्तर चुकलं तर सर "चूक" म्हणत नसत. भलत्याच आयनावर बोट ठेवून विचारायचे, "ह्याला पत्रिका कुणी दिली?" बस्स, एवढंच. पोरगं लाजून स्वतःच खोडायचं.

ही पत्रिका एके दिवशी माझ्या अंगावर आली. सर रजेवर होते म्हणून मी त्यांच्या वर्गावर गेले. म्हटलं, यांना आता खरी केमिस्ट्री दाखवू. तेच सोडियम सल्फेटचं गणित घेतलं आणि फळ्यावर ऐटीत हायड्रोजन आयनाची ओळ लिहिली, पुढं शून्य. दुसऱ्या बाकावरून एक मुलगी उठली. बारीक, दोन वेण्या, लासूर स्टेशनहून रोज पॅसेंजरनं यायची. मनीषा तिचं नाव. तिनं अगदी अदबीनं विचारलं, "मॅडम, ह्याला पत्रिका कुणी दिली?" वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. मी खूप सांगायचा प्रयत्न केला की शुद्ध पाण्यातसुद्धा हायड्रोजन आयन थोडा असतोच. कुणी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी हेच मी वाघमोडे सरांना तावातावानं सांगितलं. असतो की नसतो, सर? ते म्हणाले की असतो, एका लिटरमध्ये मोलाचा एक कोटीवा हिस्सा. "पर मॅडम, लग्नाच्या गर्दीत एक ओळखीचा दिसला म्हनून मांडव त्याचा व्हतो का?" मला ते पटलं, पण राग गेला नाही. सांगायला लाज वाटते, तो राग सरांवर कमी आणि त्या दोन वेण्यांवर जास्त होता.

मग पूर्वपरीक्षा आली. आमच्याकडं पद्धत अशी की सरांच्या वर्गाचे पेपर मी तपासायचे आणि माझ्या वर्गाचे त्यांनी. इलेक्ट्रोलिसिसचा प्रश्न होता, तीन मार्कांचा. सायन्सचा पेपर इंग्रजीतून लिहायचा असतो आणि सरांनी पोरांना आपलं सगळं तत्त्वज्ञान शब्दाला शब्द इंग्रजीत करून दिलं होतं, याची मला कल्पना नव्हती. एका पेपरात लिहिलं होतं, "दिस सोल्युशन इज न्यूट्रल. नो वन्स मांडव. वॉटर इज गेस्ट ऑफ बोथ साइड. ही ईट ॲट बोथ प्लेस अँड गो. व्हाइल गोइंग ही मेक वन रूम साउर." खाली दोन्ही अर्ध-अभिक्रिया, इलेक्ट्रॉन्स मोजून, अचूक. वर रोल नंबर मनीषाचा.

मी तो पेपर स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचला. आवाज काढून, हातवारे करून वाचला. सगळे पोट धरून हसले, आणि कुणी एवढं हसलं की मला चेव येतो. मी त्या पानाचा फोटो काढला आणि स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, "आमच्याकडे लग्नाची केमिस्ट्री शिकवून मिळेल." पटापट हसरे चेहरे आले. एकानं नुसता अंगठा दाखवला. उत्तराला मी तीनपैकी अडीच मार्क दिले. अर्धा भाषेसाठी कापला.

दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्या नाहीत. एक म्हणजे फोटोत रोल नंबर स्वच्छ दिसत होता, आणि स्टाफच्या ग्रुपवरून पोरांच्या ग्रुपवर फोटो जायला एक मधली सुट्टी पुरते. दुसरी म्हणजे त्या ग्रुपवर संस्थेचे अध्यक्षही होते, आणि अध्यक्षांची बीड बायपासला लग्नाची दोन लॉन्स आहेत. त्यांना वाटलं, कुणीतरी आपल्या धंद्याची टर उडवतंय. दुसऱ्या दिवशी त्यांनी सरांना प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोलावून सांगितलं की लग्नाचं आमच्यावर सोपवा, तुम्ही केमिस्ट्री शिकवा. आणि मग तेही नको म्हणाले. मेअखेर सर रिटायर होणार होते. तोवर त्यांनी प्रयोगशाळेत बसून पोरांची जर्नल्स तपासावीत आणि बारावीची उजळणी मी घ्यावी, असा हुकूम निघाला. सर "हरकत नाय" म्हणाले आणि डबा घेऊन प्रयोगशाळेत गेले.

त्या वर्गावर मी तीन दिवस शिकवलं. साठ पोरं भिंतीसारखी बसून. पाण्याबद्दल विचारलं की एकमेकांकडं बघायची. मी सांगितलं होतं की लग्नाबिग्नाचं आता विसरा, तक्ता बघून लिहा. तर त्यांनी तक्ता बघून लिहिलं, आणि छोटी चाचणी घेतली तेव्हा निम्म्या वर्गानं हायड्रोजन आयन आणून बसवला होता, पुढं शून्य. जी चूक त्या पोरांनी कधी केली नव्हती ती मी त्यांना तीन दिवसांत शिकवली.

चौथ्या दिवशी सर माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, मनीषा तीन दिवस झाले कॉलेजला येत नाही, फोनही उचलत नाही. सोमवारपासून तिचं बोर्डाचं प्रॅक्टिकल, आणि प्रॅक्टिकल बुडालं म्हणजे वर्ष बुडालं. मी सांगायला लागले की सर, तो फोटो ग्रुपवर टाकणारी मीच. ते म्हणाले, "म्हाईत हाय की. मी बी हाय ना त्या ग्रुपवर."

तो अंगठा सरांचा होता.

"उत्तर बरोबर होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, मॅडमनी पोरीचं कौतुक केलं. म्हनून अंगठा दिला. फक्त अर्धा मार्क कशाचा कापला ते कळलं नाय." टोमणा मारत असते तर बरं झालं असतं. ते खरंच विचारत होते.

रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही दोघं लासूर स्टेशनला निघालो. मनीषाचा पेपर मी पर्समध्ये घेतला होता, कशासाठी ते मलाही नीट माहीत नव्हतं. गाडीत मी मनातल्या मनात भाषण जुळवत होते. मी शहरात वाढलेली; खेड्यातली मुलगी कॉलेज सोडते म्हणजे काय झालं असणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि घर सापडलं तेव्हा तर खात्रीच पटली. अंगणात सतरंज्या, त्यावर टोप्या घातलेले दहा-पंधरा पाहुणे, आतून पोह्यांच्या फोडणीचा वास. मुलगी बघण्याचा कार्यक्रम. मी सरांना कोपरानं ढोसलं. त्यांनी चपला काढल्या.

फेटा बांधलेल्या एका आजोबांनी विचारलं, "कुणाकडचे म्हनायचे तुमी?"

"दोन्हीकडचे," सर म्हणाले आणि सतरंजीवर मांडी घालून बसले. लगेच आमच्या हातात पोह्यांच्या ताटल्या आल्या. सर खाऊ लागले. तेवढ्यात मनीषाचे वडील आले. मोंढ्यात धान्य मोजायला असतात, मापाडी. खांद्यावर टॉवेल, चेहरा शांत. मी ताटली खाली ठेवली आणि उभी राहून भाषण सुरू केलं. मुलगी म्हणजे ओझं नाही, कायदा काय सांगतो, ती किती हुशार आहे, तुम्ही तिचं आयुष्य कसं बरबाद करताय, सगळं. पाहुणे चमचे थांबवून ऐकत होते. मला वाटलं, आपण छान बोलतोय.

माझं संपेपर्यंत मनीषाच्या वडिलांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, सोयरीक थोरलीची हाय. चोवीस वर्साची हाय, बी.ए. झाली, पोरगा तिनंच पसंत केला. धाकटीला तर आमी रोज म्हनतो, बाई, कॉलेजला जा. जाईचना. म्हनती, तिथं शिकलेली माणसं मला हसतेत." टॉवेलानं त्यांनी उगाच हात पुसले. "कोन हसतं, ते काय सांगत नाय."

मनीषा दारात उभी होती, हातात पाण्याच्या पेल्यांचा ट्रे. मला बघून तिनं मान खाली घातली. मी सरांकडं पाहिलं, की सर, आता तुम्हीच काहीतरी बोला. सर लिंबाची फोड पोह्यांवर पिळत होते. आयुष्यात एवढ्या सावकाश कुणी लिंबू पिळलेलं मी बघितलं नाही. शेवटी मीच म्हणाले, "मी हसले. तिचा पेपर मी मोठ्यानं वाचला, सगळ्यांना हसवलं. चूक माझी आहे. मनीषा, माझं चुकलं."

पण ते लासूर होतं, नुसत्या माफीवर कुणाचं समाधान होणार. फेटेवाले आजोबा, मुलाकडचे, म्हणाले की असं काय लिहिलं होतं तिनं, जरा कळू तरी द्या. तेव्हा सरांनी ताटली बाजूला ठेवली. दोन रिकामे पेले मागवले, एक आजोबांपुढं ठेवला, एक मनीषाच्या वडिलांपुढं, आणि मधल्या जागेत बोट ठेवून पाण्याची अख्खी गोष्ट सांगितली. मांडव, मान, फेटा, आंबट खोली, तुरट खोली. दोन्हीकडची मंडळी माना डोलवत होती. आजोबा म्हणाले, बरोबर आहे की मग, पाहुणा कुठला ते न बघता बसवला तर पंगतीत भांडणंच व्हायची. त्यांना बारावीची इलेक्ट्रोकेमिस्ट्री दहा मिनिटांत समजली, माझ्या वर्गाला तीन दिवसांत उलटी समजली होती.

"मंग उत्तर बरोबर का चूक?" आजोबांनी मला विचारलं.

"बरोबर."

"मार्क किती दिले?"

"तीनातले अडीच."

"अर्धा का कापला?"

पंधरा जण माझ्याकडं बघत होते, शिवाय स्वयंपाकघराच्या दारातून बायका. भाषेसाठी कापला असं म्हणणार होते, पण मुद्दा तर तिथल्या सगळ्यांना समजला होता. मी पर्समधून पेपर काढला. सरांनी खिशातलं लाल पेन पुढं केलं. अडीच खोडून मी तीन केले आणि शेजारी सही केली. वडिलांनी तो कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि पाहुण्यांमधून फिरवला. मनीषानं ट्रे खाली ठेवला. मग म्हणाली, "मॅडम, ग्रुपवर बी टाका."

टाकला. तिथंच, त्या सतरंजीवर बसून. फोटो काढला, या खेपेला रोल नंबरवर बोट ठेवून, आणि खाली लिहिलं की हे उत्तर पूर्ण बरोबर आहे, मागच्या वेळी हसण्यात चूक माझी होती. पहिला अंगठा सरांचा, माझ्या शेजारूनच. थोड्या वेळानं अध्यक्षांचाही आला. ते सगळ्यालाच अंगठा देतात. सोमवारी सकाळी पहिल्या पॅसेंजरनं मनीषा आली आणि प्रॅक्टिकलला बसली.

हुकूम मात्र मागं आला नाही. पण मी तो काढून नीट वाचला. सरांनी वर्गावर जाऊ नये, असं त्यात होतं. वर्गानं सरांकडं जाऊ नये, असं कुठं लिहिलेलं नव्हतं. मग उजळणीच्या तासाला मी साठ पोरं घेऊन प्रयोगशाळेत जायची, सर जर्नलवर सह्या करता करता विचारायचे, मांडव कुणाचा, आणि मी मागच्या स्टुलावर बसून लिहून घ्यायची.

लासूरहून परतताना गाडीत मी सरांना विचारलं होतं की तुम्हाला खरंच कधी हसू येत नाही का, पोरं एवढं काय काय लिहितात. ते म्हणाले, "येतं की. लई येतं." मग सांगायला लागले. पेपर तपासताना सर दर थोड्या वेळानं उठून बाहेर जायचे. आम्ही सगळे धरून चाललो होतो की त्यांना साखर आहे. मी तर त्यांना मेथीची पूड आणून दिली होती आणि त्यांनी ती घेतलीही होती. साखरबिखर काही नव्हती. हसू आलं की ते उठून व्हरांड्याच्या टोकाला जायचे, पोटभर हसायचे, डोळे पुसायचे आणि आत येऊन मार्क द्यायचे. "पोराच्या कागदासमोर हसू नाय," ते म्हणाले. "कागदाला ऐकू येतं."

सर रिटायर झाले, कन्नडकडं आपल्या गावी गेले. निरोप समारंभ अध्यक्षांच्या लॉनवर झाला, भाषणं झाली, जेवण उत्तम होतं. त्यानंतर दर वर्षी पूर्वपरीक्षेच्या दिवसांत सरांचा फोन यायचा. नमस्कार नाही, चौकशी नाही, एकदम प्रश्न, "मॅडम, कितींदा उठला?" मी सांगायची, सहादा, सर. मग ते म्हणायचे, नाव नका सांगू, त्यातलं एक सांगा. मी सांगायची, आणि पलीकडून त्यांचं ते मऊ, दम लागल्यासारखं हसणं ऐकू यायचं. वर्षभरात माझं कुणाशी एवढं चांगलं बोलणं होत नसे.

यंदा दिवाळीनंतर सर गेले. झोपेतच गेले. मला मनीषानं कळवलं. ती आता शेंद्र्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे, दिवसभर पाणी तपासते. मातीला आम्ही दोघी गेलो. खूप विद्यार्थी आले होते. मी तिथं नीट रडले, कुणाची पर्वा न करता.

आणि परवा पूर्वपरीक्षेचे पेपर तपासायला बसले. तोच प्रश्न, तेच सोडियम सल्फेट. एका पेपरात आधी दोन्ही अर्ध-अभिक्रिया अचूक लिहिलेल्या, आणि खाली टीप, "बट सर, इन अवर एरिया वॉटर विल रिॲक्ट ओन्ली आफ्टर एट डेज, बिकॉज नळ इज कमिंग आफ्टर एट डेज." हे आपलं शहर, ही आपली महानगरपालिका, आणि हे आपलं पोरगं. हसू दाबता दाबता माझ्या नाकातून आवाज आला. समोरच्या मॅडमनी मान वर केली. मी पेपर उलटा ठेवला, उठले, व्हरांड्याच्या टोकाला गेले आणि भिंतीला टेकून हसले. सवयीनं फोन हातात घेतला. आता ही वेळ त्यांच्या फोनची. मग मी तो मनीषाला लावला.

ती लॅबमध्येच होती. मी म्हटलं, ऐक, एक उत्तर आलंय, आणि तिला ते सगळं सांगितलं, नळासकट. पलीकडं काही आवाज आला नाही. मला वाटलं, फोन लागलेला नाही, नाहीतर आपण पुन्हा तेच करून बसलो. मग तिनं हळूच विचारलं, "मॅडम, मोठ्यानं नाय ना वाचलं?"

"नाही गं," म्हटलं. "बाहेर येऊन हसतेय."

मग ती हसली.